विंगेतला खोकला

बालीगंजच्या हॉलमध्ये आमचं मराठी मंडळ दर संक्रांतीला मुलांचं नाटक करतं, आणि विंगेत बसून ते तोलून धरतात आमचे प्रॉम्प्टर. एरवी बँकेतले करडे साहेब. पण कलकत्त्यात वाढलेलं एखादं पोर मराठीत अडखळलं, की त्याचे ओठ थरथरायच्या आत ते पुढचा शब्द पोचवतात.

यंदा ते नेमके खोकत आले. डोकं ठणकत होतं, मान अवघडली होती. मी म्हटलं, "भाऊजी, घरी जा."

त्यांनी हनुवटी छातीला टेकवून दाखवली. "टेकतेय ना, वहिनी? खोकून खोकून स्नायू दुखावलेत, डोकंही त्यानंच. टेकली नसती आणि वर ताप असता, तर मेंदूज्वराच्या भीतीनं इथे न येता डॉक्टरांकडे गेलो असतो."

मग मी कामाला लागले. थर्मासात कोमट पाणी, गालात ज्येष्ठमध, मानेला शेकाची पिशवी. मान वाकू नये म्हणून नाटकाची संहिता हार्मोनियमच्या पेटीवर उभी केली.

ऐन दरबारात राणी झालेली मुलगी गप्प झाली, आणि त्याच क्षणी भाऊजींना उबळ आली. चेहरा लालबुंद. त्यांनी मफलर तोंडावर दाबला, घोटभर पाणी घेतलं आणि हलकेच शब्द सोडला. राणी बोलू लागली, किंचित बंगाली हेलात, पण खणखणीत.

पडदा पडल्यावर भाऊजी मनसोक्त खोकले. "वहिनी, बाहेर ऐकू गेलं का हो?"

"तुमचं काही नाही. पोरीचं मात्र शेवटच्या रांगेपर्यंत गेलं."

त्यांनी दुखरी मान ताठ केली.