वहिनीचं तुटकपणे बोलणं

खांदेश्वरहून दादाचा फोन आला. "सुमन गेली," एवढंच म्हणाला. सुमन म्हणजे माझी वहिनी. तिला जाऊन आता काही आठवडे झाले.

वहिनी तुटकपणे बोलते, असं आमच्याकडे तिच्या लग्नापासून म्हटलं जाई. शब्दकोशात याचा अर्थ थोडक्यात, फारसा संबंध न ठेवता, असा काहीसा असेल. आमच्या घरात अर्थ एकच, बाईला माया नाही. आई साताऱ्याकडे गावी एकटी राहायची आणि रविवारी एसटीडी बूथवरून फोन करायची. वहिनी म्हणायची, "आम्ही बरे आहोत. औषध घ्या. ठेवते, आत्याबाई." की फोन बंद. आईनं ते मनाला लावून घेतलं. "तिला माझं दोन शबुद जड हुत्यात, मग मी आक्खी किती जड हुईन?" म्हणत ती दादाकडे राहायला यायचं नाव काढेना. दादा इकडे झुरायचा.

एकदा मी कळंबोलीला वहिनीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात गेलो होतो. ड्रायव्हर कुठल्या कुठल्या बूथवरून फोन करत होते आणि वहिनीचं चालू होतं, "कुठे? टायर? मेकॅनिक पाठवते. ठेवा." मी हसलो, तर म्हणाली, "भाऊजी, तिकडे मीटर पळतो. त्यांच्या खिशातनं जातं." आईचा फोनही ती याच काळजीनं आवरायची, हे मला तेव्हा उमगलं आणि ती मला फार आवडून गेली. मोठ्या हुशारीनं आईला हे समजावायला गेलो, तर ती उसळली, "मी काय ट्रकवाली हाय व्हय?" वहिनीला म्हटलं, तुम्हीच सांगा आईला. "त्यात सांगायचं काय?" दोघींपुढे मी हात टेकले.

मग वहिनी आजारी पडली. गावी कळवायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. रविवारी आईचा फोन आला. म्हैस, भात, शेजारणीची सून... आई सांगत सुटली आणि वहिनी अंथरुणावरून म्हणत राहिली, "बोला, आत्याबाई... अजून बोला." दुसऱ्या दिवशी आई पिशवी घेऊन दारात हजर. वहिनीचे शेवटचे दिवस तिनं उशाशी बसून काढले.

परवा मी आईला विचारलं, तुला कळवलं तरी कुणी?

"कुनी कशाला कळवाय पायजे?" आई म्हणाली. "त्या दिशी तिनं फोन ठिवलाच न्हाई."