घसा न बघता

नव्वदच्या दशकात मी पोलादपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. उमरठच्या वर डोंगरात धनगरांची सात घरांची वाडी होती. तिथली पाच वर्षांची एक मुलगी घटसर्पानं गेली. तिच्यासोबत खेळलेल्या, जेवलेल्या नऊ मुलांना सात दिवस रोज गोळ्या द्यायच्या आणि रोज प्रत्येकाचा घसा स्वतः बघायचा, असं डॉक्टरांनी मला बजावलं.

चढायला दीड तास लागायचा. चार दिवस सगळी मुलं समोर आली. पाचव्या दिवशी, गेलेल्या मुलीची चुलत बहीण दिसेना.

"शेळ्यांमागं गेलीय," तिची आई म्हणाली.

"घसा दुखतोय का तिचा?"

"नाय बाय, भाकर खाऊन गेली. बरी हाय."

उन्हानं माझं डोकं धरलं होतं. थांबायचा कंटाळा आला. मी गोळ्या आईच्या हातात ठेवल्या आणि वहीत मुलीच्या नावापुढं ‘घसा स्वच्छ’ असं लिहून उतरले.

सहाव्या दिवशीही तेच उत्तर मिळालं, तेव्हा मी सरळ गोठ्यात शिरले. मुलगी घोंगडीत पडली होती. मान सुजलेली, घशात करडा पडदा, श्वास घेताना घरघर. आईनं माझे हात धरले.

"नेऊ नका बाय. खाली नेलेली पोर परत आली नाय."

चौघांनी डोली करून तिला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं महाडला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. "काल आणायला हवी होती," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिचं हृदय थांबलं.

नंतर तालुक्याच्या आरोग्य खात्याच्या साहेबांनी माझी वही चाळली. "आदल्या दिवशी घसा स्वच्छ होता?"

"हो," मी म्हणाले. त्यांनी सही केली.

उरलेल्या मुलांना काही झालं नाही. त्या बाईच्या धाकट्या मुलालाही नाही. पुढं मी त्या तालुक्यात होते तोवर लसीकरणाच्या दिवशी सगळ्यांत आधी ती बाईच वाडीतली पोरं घेऊन खाली उतरायची. कुणी बाई कां-कूं करायला लागली, की तिला सांगायची, "दडवू नको गो. मी दडवली म्हणून माझी पोर गेली."

मी शेजारी सुई भरत असायचे. पाचव्या दिवशी न बघताच मी वहीत ‘घसा स्वच्छ’ लिहिलं होतं, हे मी तिला कधीच सांगितलं नाही.