दहापैकी तीन

निवृत्त झाल्यावर माणसाला देवधर्म सुचतो म्हणतात. मला कॉफी सुचली. बत्तीस वर्षं स्टाफरूममधला उकळून काळा पडलेला चहा प्यायले होते, त्याची भरपाई करायचीच असं ठरवलं आणि धाकट्या जावेला सोबतीला घेतलं. दर गुरुवारी चारच्या सुमारास आम्ही दोघी घरातून निघायचो. नवरे विचारायचे, आज कुठे? आम्हालाच ठाऊक नसायचं.

ग्वाल्हेरात एवढे कॅफे निघालेत याची मला तोवर कल्पना नव्हती. पडाव भागातल्या एका हॉटेलाच्या बाजूला एक सापडला. कॉफी झकास, पण खुर्च्या इतक्या उंच की दोघींचे पाय लोंबकळत राहायचे. बाडा म्हणजे आमचा मुख्य चौक, त्याच्या मागच्या गल्लीत दुसरा मिळाला, तिथला मशरूम टोस्ट जाऊ दोनदा मागवायची. आमचे नियम ठरलेले होते. कॉफी आपापली, खायचं एकच मागवून निम्मं निम्मं, आणि शेवटी दहापैकी गुण. गुण अर्थात मी द्यायचे. मास्तरीण होते, आणि वर थोरली जाऊ. हे गुण मी तिथंच बसून, मोठ्यानं, मराठीत द्यायचे.

हे मराठीचं प्रकरण बाहेरगावच्यांना सांगावं लागतं. आमच्याकडे मराठी घरातलं मूल बाहेर हिंदी बोलायला शिकतं, आणि बाहेरच्यांदेखत आपसात काही बोलायचं असलं की मराठीत बोलायला शिकतं. माझी आई साडीच्या दुकानात गादीवर बसून दुकानदाराच्या तोंडावर म्हणायची, रंग जाईल हिचा, उठूया. आणि त्याच दमात त्याला हिंदीत सांगायची की भैयाजी, फार सुंदर आहे, पुन्हा येऊ. मराठी म्हणजे आमचा पडदा. बाड्यावरच्या निम्म्या दुकानदारांना कामापुरती मराठी कळते आणि ते नुसते गालात हसतात, हे मला मोठेपणी समजलं. पण सवय काही सुटली नाही.

नव्या बाजारातला कॅफे जावेनं शोधून काढला. खाली कापडाचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, वर चार टेबलं. खिडकीत तेलाच्या डब्यांतून लावलेला पुदिना आणि गवती चहा. कॉफी करणारी बाई पंचेचाळिशीची असेल, अंगात साधा कुर्ता, बोलणं मोजकं. तिनं "आइए आंटी" म्हणून बसवलं. कोपऱ्यात तिची आई लसूण सोलत बसली होती. डोक्यावर पदर, पुढ्यात परात. कॉफीचा पहिला घोट घेतला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. इतके गुरुवार वणवण केली ती याच कपासाठी असं वाटलं.

भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, घर का थालीपीठ. मला गंमत वाटली. इथं थालीपीठ? मागवलं. आलं ते बाजरीचं, जाडजूड, जागोजागी लसूण आणि कांद्याचे मोठे तुकडे, बरोबर कुटलेल्या लाल मिरचीची चटणी आणि वाटीत दही. आमच्या घरी थालीपीठ भाजणीचं, पातळ, मधे भोक, वर लोण्याचा गोळा. जावेनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "वहिनी, काय सुरेख आहे हो."

तिनं आधी म्हटलं, हेच मला लागलं. गुण द्यायचं काम माझं. खरं सांगते, पहिल्याच घासाला माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. चटणी अशी की नाकातोंडातून वाफा निघाव्यात आणि तरी हात थांबू नये. मी माझं अर्धं संपवलं, जावेच्या अर्ध्यातलाही तुकडा मोडून घेतला, चटणी बोटानं निपटली. मग रुमालाला हात पुसून खणखणीत आवाजात निकाल दिला.

"दहापैकी तीन. कुठंतरी ऐकून केलंय बिचारीनं. आपल्यातलं नाहीच हे. आपल्याकडे असलं मोलकरणीच्या ताटातसुद्धा वाढत नाहीत."

जाऊ हसली. मी हसवलं म्हणून हसली. कोपऱ्यात लसूण सोलणारे हात थांबलेले मला दिसले, पण बाई थकली असेल एवढंच मनात आलं. तेवढ्यात तिची मुलगी, ती कॉफी करणारी, आली आणि कसं लागलं म्हणून हिंदीत विचारलं. मी हसून म्हणाले, "बहुत बढ़िया, बेटा. बिलकुल घर जैसा."

कोपऱ्यातून तिच्या आईचा आवाज आला, अगदी शांत.

"त्यांना दही अजून पाहिजे का पूछ. चटणी झोंबली असेल."

मराठीत. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात ते काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. मुलीनं दह्याचं विचारलं, हिंदीतच. मी मान हलवून नको म्हटलं आणि कॉफी अर्धी टाकून उठले. ती कॉफी! जाऊ माझ्याआधीच जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर मीच म्हणाले की अगं, त्यांना मराठी कळतं हे आपल्याला काय ठाऊक. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि त्यांना कळलं नसतं तर चाललं असतं का, वहिनी?"

पुढचे कितीतरी गुरुवार मला काहीतरी काम निघत होतं. कधी गुडघा, कधी पाहुणे. उचलली जीभ लावली टाळ्याला हे मी वर्गात किती पोरांना ऐकवलं असेल. आता भाजी चिरताना, देवापुढे बसताना, मोलकरीण समोर येऊन चहाचा कप घेताना, मला माझंच वाक्य ऐकू यायचं. त्यातलं तीन गुणांचं काही नाही. पण ते "आपल्यातलं नाही." त्या मराठा लोकांचे पूर्वज घोड्यावरून आले, आम्हा ब्राह्मणांचे दौत-लेखणी घेऊन. आले एकाच दख्खनेतून, एकाच फौजेबरोबर. त्यांनी लढून मिळवलं ते आमच्यांनी नुसतं लिहून ठेवलं असेल. तरी "आपल्यातलं" म्हणताना मी कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते, हे मला चांगलं ठाऊक होतं. नकळत बोलले असं म्हणायची सोय नव्हती.

शेवटी एका गुरुवारी एकटीच गेले. माफी मागायची, एवढंच ठरवलं होतं. जिना चढताना काय बोलायचं ते पाठ करत होते, तोंडी परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी. वर गेले तर आधी फळ्याकडे नजर गेली. थालीपीठ नव्हतं. त्या जागी चीज कॉर्न सँडविच लिहिलेलं होतं. कोपऱ्यात आईही नव्हती.

मुलीनं मला ओळखलं. मी मराठीत विचारलं की थालीपीठ दिसत नाही. तिनं हातातला कप पुसून ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली.

"आईनं स्वतःच मिटवलं. म्हणाली, आपलं घरातच ठीक आहे. मीच जिद्द करून लिहिलं होतं, तिचा तर मन नव्हता."

मी म्हणाले की तुम्ही मराठी आहात हे एका शब्दानं जरी सांगितलं असतंत. ती हसली, पण त्यात हसू नव्हतं. म्हणाली की तुमच्यासारखी मराठी समोर आली की आमची तोंडातच अडकते, म्हणून हिंदी बरी. मी बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले होते की न लाजता बोला.

तिची आई मागच्या खोलीत होती. मी आत जाऊ का विचारलं. बाई पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि सरकून जागा दिली. पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "मी खोटं बोलले. मला तुमचं थालीपीठ फार आवडलं होतं."

त्या रागावल्या नाहीत. मेथीची एक काडी खुडून बाजूला ठेवली.

"मालूम आहे," त्या म्हणाल्या. "प्लेट मीच उचलली ना. चटणीचा दागसुद्धा नव्हता. नाही आवडलं म्हणला असता तर काही नव्हतं, आवड ज्याची त्याची. तुम्ही तर सगळं खाऊन म्हणला."

मी हात जोडले. माफ करा, म्हणाले. त्यांनी माझे हात धरून खाली केले, आणि दाराकडे तोंड करून मुलीला हाक मारली.

"बेटा, आंटी के लिए एक कॉफी बनाना."

मी अजून दर गुरुवारी तिथं जाते. जाऊही येते, पण गुण कुणी देत नाही. कॉफी तशीच आहे, ग्वाल्हेरात तिला तोड नाही. थालीपीठ फळ्यावर परत आलं नाही आणि मागायचं धाडस मला झालेलं नाही. आई आता पुन्हा कोपऱ्यात बसते. माझ्याशी फार अदबीनं बोलते, तब्येत विचारते, सगळं हिंदीत. मीही हिंदीतच उत्तर देते. मराठीत त्या दोघी मायलेकी आपसात बोलतात, हळू आवाजात, आमच्यादेखत. आणि मी, काहीच कळत नसल्यासारखी, खिडकीतल्या पुदिन्याकडे बघत बसते.