चुनीलालने धरलेलं मौन

चुनीलाल पाटलाच्या आवाजाची तापीकाठी ख्याती होती. त्याने अलीकडून हाक मारली, की पलीकडच्या शेतातली माणसं खुरपं थांबवून मान वर करायची. प्रकाशा या तीर्थाच्या गावाखाली दोन कोसांवर त्याचं गाव. कापूस आणि केळी पिकवणारं गुजरांचं भरलं घर, दारात चार बैल, आणि घरधनी गोड गळ्याचा. एकादशीच्या भजनात त्याने सूर लावला की म्हातारी माणसं डोळे पुसायची. असा हा माणूस सुपडू भोयावर जळत होता. सुपडूला तर धड चार शब्द सलग बोलता येत नसत.

सुपडू नाव चालवायचा. तिथे नदीवर पूल नव्हता. बाजाराला जाणारे, लग्नाला जाणारे, आजारी पडलेले, सगळे त्याच्याच नावेतून पलीकडे जायचे. तो वल्ही मारायचा, लोक बोलायचे. उतरताना मात्र कोणीतरी हमखास म्हणायचं, "सुपडूभाऊ, तुन्हाजवळ बसं की जीवले बरं वाटस." हे वाक्य चुनीलालने इतक्यांदा ऐकलं होतं, की ते कानावर पडलं की त्याच्या छातीत करपल्यासारखं व्हायचं. त्याच्या गाण्याला लोक वाहवा म्हणत. जीवाला बरं वाटतं असं कोणी म्हटलं नव्हतं.

दोघे गुरुभाऊ होते. नदीच्या दरडीवर मगनदास बाबांची झोपडी होती, आणि गावातल्या सात-आठ जणांनी त्यांच्याकडून उपदेश घेतला होता. त्यात पाटील होता, भोई होता, भिकन शिंपी होता. दर एकादशीला दिवस कलताना सगळे बाबांच्या घोंगडीभोवती गोल बसत आणि तासभर कोणी काही बोलत नसे. मग भजन. बाबांचा एकच नियम होता, भावाची चूक भावाने बाहेर सांगायची नाही; ज्याची त्यानेच सांगायची.

जळण्याची सुरुवात उपदेशाच्या दिवशीच झाली. साल एकावन्न असेल. बाबांनी दोघांच्या तोंडात तापीच्या पाण्याची चूळ दिली आणि सांगितलं, "गावाला वळसा घालून या. पाणी गिळू नका, टाकू नका." चावडीपाशी चुनीलालला मामलेदार भेटले. त्यांनी 'राम राम पाटील' म्हटलं, आणि पाटलाला राहवेना. त्याने पाणी गिळलं, राम राम केला, पिकापाण्याची चौकशी केली आणि रिकाम्या तोंडाने परत आला. सुपडू त्याच्याआधी येऊन बसला होता. गाल फुगलेले, नजर नदीकडे. बाबांनी "टाक आता" म्हटलं तेव्हा कुठे त्याला आठवलं, की तोंडात पाणी आहे. बाबा हसले. चुनीलालही हसला, पण घरी जाऊन जेवला नाही.

पुढे बाबा थकले. सत्तावन्न सालच्या माघात त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. चुनीलाल धुतलेलं धोतर नेसून पुढे बसला. गावात पोथी वाचणारा तो, मंडळी जमवणारा तो, बाबांना दूध पोचवणारी त्याचीच बायको. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू गा, चुनीलाल. घोंगडी सुपडूजवळ ऱ्हाऊ दे."

बाबा गेले. गावाने चुनीलालचं रडणं पाहिलं आणि म्हटलं, गुरूवर काय माया होती! माया होतीच. पण त्या रडण्यात अर्धा वाटा घोंगडीचा होता, हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

आता एकादशीला सुपडू घोंगडी अंथरायचा. तो काही सांगायचा नाही, नुसता बसायचा, तरी आजूबाजूच्या गावांहून माणसं येऊ लागली. एक बाई तर पोर गेल्यापासून बोलायची थांबली होती. ती येऊन तासभर त्याच्यासमोर बसली आणि जाताना तिने पहिल्यांदा पाणी मागितलं. चुनीलालने हे पाहिलं. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात एकच घोळत राहिलं, की याच्यात असं काय आहे? हा काही करतच नाही. न बोलणं ही काय करामत झाली? ती तर मीही करून दाखवीन.

आणि त्याने करून दाखवायचं ठरवलं. अठ्ठावन्न सालच्या आषाढी एकादशीला भर मंडळीत उभं राहून त्याने जाहीर केलं, की कार्तिकीपर्यंत, पुरे चार महिने, तो एक अक्षर बोलणार नाही. लोक चकित झाले. एवढा बोलका माणूस! भिकन शिंप्याने त्याच्या गळ्यात घालायला लिहायच्या पाटीला दोरी ओवून दिली. सुपडूने फक्त मान हलवली. त्या मान हलवण्यात कौतुक होतं की कीव, याचा विचार करत चुनीलालचे पहिले आठ दिवस गेले.

मौन त्याने कडक पाळलं, पण त्याचा जाच सगळा घराला झाला. बायको जसोदाबाई, तिला अक्षरओळख नव्हती. चुनीलाल पाटीवर 'मीठ कमी' लिहून तिच्यापुढे धरायचा, तिला कळायचं नाही, मग तो ताट आपटायचा. गडी चुकला की टाळ्या वाजवून त्याला बोलवायचा आणि डोळे वटारायचा. एक दिवस जसोदाबाई चुलीपुढून उठून म्हणाली, "तुमनं हाई मौन नही, मन्ही शिक्षा शे." चुनीलालने पाटीवर उत्तर लिहिलं. तिने पाटीकडे पाठ फिरवली.

लोक मात्र बघायला येत. ओसरीवर डोळे मिटून बसलेल्या चुनीलालला नमस्कार करत. तो पापण्यांच्या फटीतून मोजायचा, आज किती आले. आणि मग तीच माणसं उठून दरडीखाली नावेकडे जायची. तोंडाने न बोलणाऱ्या चुनीलालच्या आत दिवसभर बडबड चालू असायची, आणि तिच्यात सुपडूखेरीज दुसरा विषय नसायचा.

भाद्रपदात तापीला मोठं पाणी आलं. दोन दिवस नाव बंद होती. तिसऱ्या दिवशी पूर ओसरू लागला तेव्हा एका बाळंतिणीला पलीकडे माहेरी पोचवायचं म्हणून सुपडूने नाव काढली. तिला सुखरूप उतरवून तो एकटा परत फिरला. सकाळची वेळ होती. चुनीलाल दरडीवर नेहमीच्या जागी बसला होता. काठावर दुसरं कोणी नव्हतं.

वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढे असते. सुपडूचं तोंड पलीकडच्या काठाकडे होतं. चुनीलालला मात्र वरचं वळण स्पष्ट दिसत होतं, आणि त्या वळणावरून एक आख्खं झाड मुळांसकट घरंगळत येत होतं. झाड आणि नाव एकाच जागी भेटणार, हे त्याला नजरेने कळलं. एक हाक पुरे होती. पलीकडच्या शेतातल्या माणसांना थांबवणारी ती हाक.

त्याने तोंड उघडलं. आणि मिटलं.

मौन आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हेही त्याला त्याच क्षणी कळत होतं. त्याच्या आतून दुसराच कोणी म्हणत होता, बघू तर आता तुझी शांती.

सुपडूला काय वाटलं कोण जाणे, त्याने मान वळवली. आधी त्याची नजर दरडीवर गेली. चुनीलाल उभा होता, हात लोंबकळत, डोळे झाडावर. सुपडूने त्याला पाहिलं, त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिलं, आणि तेवढ्यात झाडाची मुळं नावेवर आदळली.

मग चुनीलाल धावला. शेतांतून, काट्यांतून, हात हलवत, छाती पिटत धावला. माणसं जमली. कोसभर खाली झाडाला धरून राहिलेल्या सुपडूला त्यांनी दोर टाकून काढलं. तो जिवंत होता. उजवा हात कोपरापासून चेंगरला होता. नाव फुटून वाहून गेली होती.

भिकनने त्याला गाडीतून नंदुरबारला आणि तिथून आगगाडीने चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात नेलं. गावात चुनीलालचं नाव झालं. "एवढा आकांत, पण भाऊनी मौन मोडं नही! खुणास्नी गाव गोळा करं!" सात वर्षं ज्या कौतुकासाठी तो तळमळत होता, ते असं दारात चालून आलं. शेजारच्या गावचे पाटील हार घेऊन आले. चुनीलालने हार गळ्यात घालू दिला आणि ते गेल्यावर बैलांच्या गव्हाणीत टाकला.

तीन आठवडे तो वाट बघत होता, की सुपडू कोणाला सांगेल. भिकनला गाडीत सांगितलं असेल. दवाखान्यात कोणाला सांगितलं असेल. सुपडू परत आला. हात वाचला होता, पण बोटं मिटत नव्हती. वल्हं पुन्हा धरता येणार नव्हतं. चुनीलालने माणसांची तोंडं निरखली. कोणाला काही माहीत नव्हतं. भिकन तर त्याला पाहून हातच जोडत होता.

दुसऱ्या कोणाला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण चुनीलालच्या पोटात नवीच आग पेटली. हात गेला, नाव गेली, आणि तरी हा बोलत नाही! चुनीलालचं चार महिन्यांचं मौन गावाने डोक्यावर घेतलं होतं, आणि सुपडूच्या मौनाची तर कोणाला खबरही नव्हती. ते कितीतरी मोठं होतं, हे जाणणारा जगात एकटा चुनीलालच होता. त्याला त्या मौनाचासुद्धा हेवा वाटला.

कार्तिकीला चार दिवस होते. दुपारी तो सुपडूच्या झोपडीत गेला. सुपडू डाव्या हाताने जाळं उकलत होता. चुनीलालने पाटीवर लिहिलं, 'तू सांगितलं का नाहीस?' आणि त्याच्यापुढे धरलं. सुपडूने पाटी पाहिली, मग त्याच्याकडे पाहून ओशाळं हसला. त्याला वाचता येत नव्हतं.

चुनीलालने पाटी खाली ठेवली. त्याच्या गळ्यातून घोगरा आवाज निघाला.

"तू माले देखं व्हतं ना?"

"देखं व्हतं."

"मंग कोनले सांगं का नही?"

"ते सांगनं तुन्हं काम शे," सुपडू म्हणाला. "मन्हं नही." आणि थोडा थांबून, काळजीने, "भाऊ, तुन्हं मौन मोडनं."

कार्तिकी एकादशीला बाबांच्या झोपडीपुढे दोनशे माणसं जमली. चुनीलालभाऊ चार महिन्यांनी तोंड उघडणार, काहीतरी मोठं सांगणार. त्याने प्रवचन तयारही केलं होतं, श्रावणातच. तो उभा राहिला. जसोदाबाई बायकांत बसली होती.

"मौन मन्हं चार दिवस आधीच मोडनं," तो म्हणाला. "आणि ते मौन नव्हतंच. पुरात मी झाड देखं व्हतं. हाक मारी नही. मौनमुळे नही. दुस्वासमुळे."

माणसांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा भिकन शिंपी ताडकन उठला. "ह्याले बाहेर काढा! आते, याच पावली!" हार घालणारे पाटील जोडे शोधू लागले. कोणीतरी ओरडलं, "सुपडूले विचारा! घोंगडी त्यानी शे!"

सगळे सुपडूकडे वळले. तो थोडा सरकला आणि डाव्या हाताने आपल्या बाजूची मोकळी जागा थोपटली. चुनीलाल जाऊन बसला. त्या दिवशी तासभर कोणी हललं नाही. नंतर भजन झालंच नाही. घरी जाताना जसोदाबाईने पहिल्यांदा त्याची पाटी उचलून घेतली आणि वाटेत नदीत टाकली. त्याच्याशी ती बोलली मात्र पौषात.

गावाने चुनीलालला पुरतं माफ केलं नाही. पुढे पाच-सहा वर्षं लग्नाकार्यांत त्याला गायला कोणी बोलावलं नाही. त्याने नवी नाव बांधून दिली. ती सुपडूचा पुतण्या चालवू लागला. भिकन एकादशीला यायचा, पण चुनीलालच्या समोर बसायचा नाही.

चौसष्ट साली दत्तजयंतीला दोघे गुरुभाऊ सारंगखेड्याच्या जत्रेला गेले. घोडे पाहून झाल्यावर एका झाडाखाली टेकले. शेजारी धडगावच्या डोंगराकडचा एक आदिवासी म्हातारा बसला होता. घटकाभर तो सुपडूकडे बघत राहिला, मग सरकत सरकत त्याच्याजवळ आला आणि आपल्या पावरी बोलीत काहीबाही सांगू लागला, बहुतेक मेलेल्या बैलाबद्दल. सुपडूला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. तो ऐकत होता. उठताना म्हाताऱ्याने सुपडूच्या गुडघ्याला हात लावला. चुनीलालकडे त्याने पाहिलंही नाही.

चुनीलालने बराच वेळ दातांखाली गवताची काडी चावली.

"सुपडू," तो म्हणाला, "मन्हा पोटमा अजूनबी दुखस रे."

"माले माहीत शे," सुपडू म्हणाला, आणि गुडघ्यांत धरलेली शेवेची पुडी त्याने चुनीलालपुढे केली. ती एका हाताने सुटत नव्हती.