एका किल्लीची कुलपं

माझ्या बायकोच्या आत्याला फसवील असा व्यापारी अजून जन्माला यायचाय, असं केडगावात सगळे मानतात; आणि तो जन्माला आलाच, तर बारशाला गेलेली ही बाई आधी पाळणा उलटा करून खालचे खिळे तपासेल. बंद पडलेल्या दुकानांचा, ऑनलाइन परत आलेला, गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल लॉटने उचलायचा आणि पाथर्डी-जामखेडकडच्या आठवडे बाजारांत विकायचा, हा तिचा धंदा. वय साठीच्या पुढे, अंगाने काडी, आवाज मात्र अख्ख्या बाजाराला पुरेल एवढा. जावयाला पाटावर बसवून जेवू घालावं अशी आपल्याकडे रीत आहे. आत्याने मला खोकी उतरवायला लावली. रविवार आला की मी, माझी गाडी आणि माझी पाठ तिच्या सेवेला हजर असतो. नाही म्हणायची माझी टाप नाही.

गोडाऊनवाला कौतुकाने वरचं खोकं फोडून पुढे करतो. आत्या त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. भिंतीकडच्या थप्पीतलं सगळ्यात तळचं खोकं काढा म्हणते. त्यासाठी वरची वीस उतरवावी लागतात, आणि ती कोण उतरवतं हे सांगून झालंच आहे. मग ती खोक्याचा वास घेते. गोडाऊनमध्ये कधी पाणी शिरलं असेल तर पुठ्ठा सांगतो म्हणे. मालाची यादी कोणी वाचायला लागलं की हात हलवून त्याला गप्प करते. यादी लिहिणाऱ्याने खोकं उघडलेलं नसतं आणि खोकं भरणाऱ्याने यादी वाचलेली नसते, हे तिचं म्हणणं, आणि आजवर मला ते खोटं पाडता आलेलं नाही.

एवढ्यावर भागत नाही. वरचा एक आणि तळचा एक असे दोन नमुने घरी येतात आणि आठ-पंधरा दिवस वापरले जातात. त्यामुळे भर वैशाखात ती स्वेटर घालून दारात भाजी निवडत बसलेली दिसते. एकदा एका पायात लाल आणि दुसऱ्यात निळी चप्पल घालून लग्नाला आली. नवरीपेक्षा जास्त लोक तिच्याकडेच बघत होते. रेनकोटचा लॉट आला तेव्हा नगरात पावसाचा पत्ता नव्हता, म्हणून तिने तो मला घालून अंगणात उभं केलं आणि वरून बादल्या ओतल्या. उजव्या खांद्याची शिवण गळकी निघाली. मला सर्दी झाली, लॉट नाकारला गेला, आणि आत्याने माझ्याबद्दल चार चांगले शब्द काढले, ते पहिल्यांदाच.

अशा बाईकडे काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या तोंडावर कुलपांचा लॉट आला. त्या दिवसांत जामखेडकडे कुलपांना फार मागणी असते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, पाच-सहा महिने घरं बंद, तेव्हा प्रत्येक बाईला दाराला कुलूप हवं. आत्याने रीतसर तळचं खोकं काढायला लावलं, कुलपं हातात तोलली, दगडाने ठोकली, दोन घरी आणून बादलीत बुडवली. कशाला काही झालं नाही. एका वस्तीवरच्या बायकांनीच निम्मा लॉट उचलला. कुलपाला काही झालं तर मी आहे, असा आत्याने त्यांना शब्द दिला आणि टोळ्या गेल्या.

दिवाळीला माझी बायको आत्याकडे गेली होती. आवराआवरीत नमुन्याच्या दोन कुलपांच्या किल्ल्यांची तिच्याकडून अदलाबदल झाली, आणि तरीही दोन्ही कुलपं उघडली. मग विकायची राहिलेली कुलपं एकेक करून बघितली. सगळी तशीच, कुठलीही किल्ली कुठल्याही कुलपाला लागत होती. आत्याने ती तशीच भंगारात घातली. सगळं तपासलं होतं, नेमकं तेवढंच राहिलं होतं. आणि राहणारच. आत्याचं माहेर शनिशिंगणापूर. जिथे घरांना दारंच नसतात तिथे वाढलेल्या पोरीच्या डोक्यात, एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावून बघावी, हे यावं कुठून?

मी आपला शहाणपणाने म्हणालो, की त्या घरांत चोरण्यासारखं असतं तरी काय. पत्र्याची पेटी, ज्वारीची दोन पोती, पोरीच्या लग्नासाठी जमवलेली भांडी. आत्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला लाज वाटली.

"तुमाला ते थोडं दिसतंय, जावईबापू," ती म्हणाली. "त्यांचं तेवढंच हाय."

त्यानंतर दर रविवारी आमची गाडी त्या वस्तीवर. आत्या उतरायची, दारोदार हिंडून कुलपं मोजायची, सगळी जागच्या जागी दिसली की सुस्कारा सोडून परत यायची. वस्तीवर एक म्हातारी आणि तिच्या चार शेळ्या, एवढंच मागे राहिलेलं. ती ओट्यावरून आमच्याकडे टक लावून बघायची. तिला खरं सांगायची आत्याला शरम वाटे, म्हणून आम्ही गावरान कोंबड्या शोधतोय असं सांगायचो. त्या हिवाळ्यात आत्याने एकही लॉट घेतला नाही. जेवण निम्म्यावर आलं. काही गेलं तर त्या बायकांना तोंड कसं दाखवू, हे एकच तिचं चाललेलं असायचं.

पाडव्याच्या आधी टोळ्या परतल्या. आत्याने दुकानातून नवी, चांगली कुलपं घेतली, पिशवी भरून वस्तीवर नेली आणि सगळ्यांसमोर उभी राहून कबूल केलं, की मी तुम्हाला खोटा माल दिला. बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

"आमी तर निघायच्या आदीच हिची किल्ली तिच्या कुलपाला लावून बघितली," एक म्हणाली. "तुमी न्हाई बघितली व्हय?"

त्यांना ते कुलूप फार सोयीचं पडलं होतं. एक किल्ली म्हातारीच्या कमरेला. ती मधल्या वारी सगळी घरं उघडायची, ज्वारीला ऊन दाखवायची, उंदीर हाकलायची, अवसेला दिवा लावायची. चोराचं तिला भय नव्हतं. दर रविवारी येऊन कुलपं मोजून जाणाऱ्या दोघांचं मात्र फार होतं, असं तिने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. नवी कुलपं कोणी घेतली नाहीत. केडगाव येईपर्यंत आत्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. रडत असेल असं वाटलं, बघितलं तर रडतच होती.

आता ती कुलपं एकेक करून निकामी होतायत, आणि दर दसऱ्याला वस्तीवरून निरोप येतो, तसलीच आणा. तसली मिळत नाहीत. आत्या गोडाऊनमध्ये फतकल मारून बसते, एक किल्ली पन्नास कुलपांना लावून बघते, आणि ती एकालाच लागते. मालक छाती फुगवून सांगतो की एक नंबर माल आहे. आत्या लॉट नाकारते. त्याला काही कळत नाही, आणि समजावून सांगायचा मला कंटाळा येतो.

निकामी झालेल्यांच्या जागी साधी कुलपं येत गेली, आणि म्हातारीच्या कमरेला आता अकरा किल्ल्या झाल्यात. गेल्या पौषात आम्ही गेलो तेव्हा ती एका दारापुढे उभी राहून एकामागून एक किल्ली लावून बघत होती. आत्याने आपल्या पिशवीतल्या चिंध्या फाडल्या आणि प्रत्येक किल्लीला वेगळा रंग बांधून दिला.

म्हातारीने किल्ल्या डोळ्यांजवळ नेल्या. "रंगबी दिसत न्हाईत गं आता," ती म्हणाली.

आत्याने जुडगा तिच्या हातातून घेतला, आणि पुढची दारं तीच उघडत गेली.