चंदन-वंदनची चढण

साताऱ्याच्या वाचनालयाबाहेर खडूनं लिहिलेली एक पाटी टांगलेली होती. डोंगर बघायची हौस असणाऱ्यांनी रविवारी तांबडं फुटायच्या वेळी राजवाड्यासमोर जमावे, भाकरी-पाणी आपले आपण आणावे, नवख्यास वाट दाखविली जाईल. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. बायकांनी येऊ नये असं तिच्यात कुठंच नव्हतं.

मी मूळची पलूसकडची. आमच्याकडं जमीन तव्यासारखी सपाट. उसाच्या सऱ्यांतून दिवसभर पाणी पाजलं असेल, डोक्यावर वैरणीचे भारे वाहिले असतील, पण चढण म्हणाल तर विहिरीच्या पायऱ्या, तेवढीच. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा पलटणीबरोबर इटलीला गेला आणि तिकडंच राहिला. तार आली. पुढं लढाई संपल्यावर त्याच्याबरोबरचा एक शिपाई सुटीवर आला तेव्हा घरी येऊन गेला. "वयनी, उभा डोंगर हुता," एवढंच म्हणाला. "चढताना गेला." मग चहासुद्धा न घेता उठला.

भावानं मला साताऱ्याला आत्याकडं आणून ठेवलं. मास्तरीण व्हायच्या शाळेत नाव घातलं. खिडकीतून रोज अजिंक्यतारा दिसायचा, आणि मला त्या शिपायाचं वाक्य आठवायचं. उभा डोंगर म्हणजे काय, तो चढताना माणसाचं काय होतं, हे मला माझ्या पायांनी बघायचं होतं. हे मी कुणाजवळ बोलले नाही. आत्याला नुसतं सांगितलं, रविवारी डोंगर बघायला जाते.

आत्यानं हातातली परात खाली ठेवली. "अगं, कपाळ हे असं, आन् तू गड्यांबरुबर डोंगर हिंडणार? लोक तोंडात शेण घालतील."

"कुणाच्या? माज्या का तुमच्या?"

"दोघींच्या बी."

"मग वाटून घेऊ निम्मं निम्मं."

आत्या त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पण भाकऱ्या तिनंच बांधून दिल्या.

राजवाड्यासमोर थंडीत मफलरी गुंडाळून पुरुष उभे होते. कचेरीतले कारकून, एक-दोन शिक्षक, कोट घातलेले एक वकील. वाट दाखवणारे सुभेदार आधीच्या मोठ्या लढाईतले, पेन्शनीत निघालेले, हातात जाड काठी. त्यांनी मला बघितलं, माझं मोकळं कपाळ बघितलं, आणि नजर वळवली.

"कुणाची वाट बघताय, बाई?"

"तुमचीच. मी येणार हाय."

"हितं बायका येत न्हाईत."

"पाटीवर तसं न्हाई लिवल्यालं."

"पाटी या वकिलांनी लिवलीया."

वकील हसले. "सुभेदार, मजकूर बघता बाईंचं म्हणणं बरोबर आहे."

सगळेच हसले. सुभेदार हसले नाहीत. "येऊ द्या. पयल्या चढालाच बसतील खाली. मग आपलं आपण माघारी जायचं. पोचवायला मानूस मिळायचा न्हाई."

"मागितला कुनी?" मी म्हणाले. शाळेत मी शुद्ध बोलायला शिकत होते, पण राग आला की पलूस बाहेर यायचं.

सर्व्हिस मोटारीनं आम्हाला फाट्यावर सोडलं. तिथून शाळूच्या रानांतून पायवाट होती. दवानं लुगड्याचा काठ भिजला. समोर चंदन आणि वंदन, दोन जुने किल्ले, माथे सपाट, शेजारी शेजारी बसलेले. लांबून बघताना वाटलं, यात काय अवघड आहे.

चढ लागला आणि थोड्याच वेळात ते वाटणं संपलं. मी पहिल्यांदा घाईनं चढले, कारण मला कुणाच्या मागं राहायचं नव्हतं. त्याचा परिणाम असा की छाती भात्यासारखी हलायला लागली. तोंडाला कोरड पडली. कानांत ठोके ऐकू यायला लागले. वाळल्या गवताची कुसळं लुगड्यात शिरून पोटऱ्यांना टोचत होती. वाट सोपी झाली असं वाटावं की वर आणखी एक टप्पा उभा. माझ्या पुढचे सगळे वळणाआड गेले. एका दगडाला हात टेकून मी उभी राहिले. बसले मात्र नाही. बसले असते तर सुभेदारांचं खरं झालं असतं.

तिथं मला तो शिपाई आठवला. माझ्या हातात भाकरीचं गाठोडं होतं. नवऱ्याच्या अंगावर किती ओझं असेल, बंदूक, गोळ्या, बूट. आणि वरून कुणीतरी त्याच्यावर नेम धरून बसलेलं. अशी छाती फुटत असताना त्याला चढायला लावलं होतं. घरी सगळे म्हणायचे, वीराचं मरण आलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. त्या रागानंच मी उरलेली वाट चढले. या वेळी घाई केली नाही, शेतात पाणी पाजताना चालतो तशी सावकाश चालले.

दोन किल्ल्यांमधल्या खिंडीत मंडळी टेकली होती. मला बघून वकिलांनी "या, या" केलं. सुभेदारांनी गाठोडी एका झाडाखाली ठेवायला लावली आणि माझ्याकडं वळले.

"हितवर आलात ते लय झालं. आता वरची वाट वंगाळ हाय. आमी वंदन बघून येतो. तवर तुमी तीन दगडं मांडून पिठलं टाका. पीठ-मीठ हाय पिशवीत."

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. एका कारकुनानं तर पातेलं काढून माझ्यापुढं ठेवलं.

"पिठलं टाकायला मी घरी बी हुते," मी म्हणाले. "त्यासाठी डोंगर कशाला चढू?"

"मग आल्यावर सगळी उपाशी ऱ्हात्याली."

"भाकरी आपली आपण आणा असं पाटीवर हुतं. मी आणलीया."

पातेलं तिथंच राहिलं. मी वंदनच्या वाटेला लागले. मागून पावलं ऐकू आली तेव्हा कळलं की मीच पुढं झाले होते. सुभेदार चिडून झपाझपा येऊन पुढं गेले, पण थांबवलं नाही.

वर दरवाजा दगडमातीनं निम्मा बुजलेला. वाकून आत गेलो. माथ्यावर वारा असा की पदर कमरेला खोचूनही दोन्ही हातांनी धरावा लागला. खाली रानांचे तुकडे, रस्त्यावर मुंगीएवढी गाडी. वकील मला लांबचे डोंगर दाखवून त्यांची नावं सांगत होते. मी ऐकत नव्हते. मी वर आले होते, एवढंच मला पुरत होतं.

फजिती व्हायची ती उतरताना झाली. खिंडीच्या वरच्या अंगाला सुट्या मुरमाचा एक पट्टा होता. चढताना तो जाणवला नव्हता. आता खाली बघितलं आणि पाय जागच्या जागी थिजले. पाऊल टाकावं तर खडे सुटून घरंगळत जायचे, आणि ते कुठं थांबतात ते दिसत नव्हतं. पुरुष एकेक करून उतरले. मी वरच.

सुभेदार परत चढून आले आणि काठी पुढं केली. "धरा. म्हटलं हुतं का न्हाई मी?"

ते दुसरं वाक्य बोलले नसते तर मी काठी धरली असती. "नगं," मी म्हणाले आणि खाली बसले. लुगडं गोळा करून, हात मागं टेकून, बसल्या बसल्या घसरत तो सगळा पट्टा उतरले. खाली कुणीतरी फिसकन हसलं. तळवे सोलवटले होते. उठून बघितलं तर लुगडं मागून टरकलेलं. लढाई संपली होती, पण कापड अजून रेशनवर होतं. नवं लुगडं कधी मिळणार ते देवाला ठाऊक. मी अंगावरची शाल कमरेला गुंडाळली आणि ताठ चालत राहिले. झाडाखाली बसून माझी भाकरी खाल्ली. बाकीच्यांनी चूल पेटवायचा खटाटोप केला, धूर झाला, आणि शेवटी त्यांनी कच्चट पिठलं खाल्लं.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. "शिक्षिकेनं समाजाला सांभाळून राहावं लागतं," म्हणाल्या.

"रविवार सोडून सांभाळीन," मी सांगितलं. त्यांनी डोळे मोठे केले, पण काढून टाकलं नाही.

चारदोन दिवसांनी सुभेदार आत्याच्या दारात उभे. आत्यानं त्यांना पाट दिला, चहा दिला, आणि मी नको नको करत असताना माझ्या नवऱ्याचं सगळं सांगून टाकलं. सुभेदारांचा चेहरा पडला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरी, आधी का न्हाई सांगितलंस? मी एक शब्द बोललो नसतो. ये तू. कवा बी ये."

"त्यासाठी बोलवत असाल तर मी येत न्हाई."

आत्या म्हणाली, "अगं, काय बोलतीस मोठ्या माणसाला!"

सुभेदारांनी टोपी परत डोक्यावर घातली. "मग कशासाठी बोलवू?"

"मला चढता येतं म्हणून."

"उतरता न्हाई येत."

"आवं, मग ते शिकवा की. नवख्यास वाट दाखविली जाईल म्हणता आन् पिठलं टाकायला बसवता."

त्यांनी चहा संपवला. "रविवारी यवतेश्वराला," म्हणाले. "लुगड्याचा काष्टा घट्ट घाल."

यवतेश्वराच्या डोंगरावरच्या आडवाटेनं त्यांनी मला पुन्हा पुन्हा खाली उतरवलं. टाच रोव, गुडघा सैल सोड, दरीकडं न्हाई पुढच्या पावलाकडं बघ. पलटणीतल्या पोरांवर ओरडावं तसे ओरडायचे. मी पडले, उठले, उलटून बोललेही. पण काठी पुन्हा त्यांनी पुढं केली नाही, आणि मी मागितली नाही.

उन्हाळ्यापर्यंत माझ्या वर्गातल्या दोघी यायला लागल्या. तेव्हा काही पुरुषांनी येणं सोडलं. बायकांमुळं मोकळं बोलता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. वकिलांनी काळजीनं सुभेदारांना विचारलं, आता काय करायचं.

"जाऊ द्या रं," सुभेदार म्हणाले. "त्यांची चाल अशी बी ढिलीच हुती."