मीठ चाखायला आलेली माणसं

चार माणसं लोकांना मदत करायला निघाली की किस्से आपोआप साठत जातात. मदत किती झाली कुणास ठाऊक, किस्से मात्र उरतात! पावसानं पाठ फिरवली त्या साली आमच्या उमापुरात बापू गुरुजींनी उपाशी लोकांना फुकट जेवू घालणारा लंगर सुरू केला. धान्य सरकारी गोदामातून यायचं, ज्वारीच्या कण्या करीमचाचा शिजवायचे आणि ढवळायला मी. शाळा मी तिसरीतच सोडलेली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. म्हणून गुरुजींनी मला बोलायचंच काम दिलं!

* * *

घरोघर जाऊन चूल पेटते का ते हळूच विचारायचं, असं ते काम. पहिल्याच दिवशी किसनतात्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. विचारायचं कसं ते सुचेना. मान खाली घालून बसून राहिलो.

आत काकू कुजबुजल्या, "लाजतंय बिचारं. लई भुकेजलेलं दिसतंय."

माझ्यापुढं भाकरी आली. नको म्हणायचं धाडस होईना. खाल्ली. मग दुसरी आली. तीही खाल्ली!

परत आल्यावर गुरुजींनी विचारलं, "काय रे, उपाशी हाय का ते घर?"

"मी गेलतो तवा नव्हतं," मी म्हणालो. "आता हाय!"

संध्याकाळी गुरुजी स्वतः कण्यांचं पातेलं घेऊन तिकडं गेले.

* * *

नामदेवबाबा एकटेच राहायचे. त्यांच्या भिंतीला हे एवढं खिंडार. वाऱ्यानं सगळी धूळ आत. आम्ही सकाळी सकाळी माती कालवली आणि म्हातारा उठायच्या आत खिंडार बुजवून टाकलं. त्याला सुखद धक्का द्यायचा होता!

दुपार झाली तरी बाबा कुठं दिसेनात. सगळीकडं शोधलं. शेवटी भिंतीला कान लावला तर आत खोकला!

भावांच्या वाटणीत दार धाकट्याच्या वाट्याला गेलेलं. ते खिंडार हेच बाबांचं दार होतं.

भिंत फोडून त्यांना बाहेर काढलं. डोळे चोळत म्हणाले, "मला वाटलं आज रात्र लईच मोठी हाय!"

त्या दिवसापासून गुरुजींचा नियम झाला: आधी विचारायचं, मग मदत करायची.

* * *

पण विचारूनही काही माणसं ऐकत नाहीत. गोजराआजी त्यातली. नुसती हाडं उरलेली, पण लंगरात पाऊल टाकेना.

"फुकटचं खायला मी काय भिकारीण हाय का?"

गुरुजींनी समजावलं, हात जोडले. आजी रस्त्यावरूनच उलट बोलायची. एकदा करीमचाचा मान वर न करताच म्हणाले, "आजी, जरा नमक चख के बोलो. मेरी जबान को कुछ समझता नहीं अब."

आजी थांबली. आत आली. वाटीभर कण्या चाखल्या आणि म्हणाली, "कमी हाय."

दुसऱ्या दिवशी न बोलावता हजर! "काल कमी होतं. आज बघावं लागंल." दिवसभरात तिच्या पोटात जायचं ते तेवढंच.

ही बातमी गावात पसरली. लाजेनं घरी बसलेले सगळे आपापली वाटी घेऊन मीठ चाखायला येऊ लागले. किसनतात्या पाचही पोरं घेऊन आले.

"एवढी कशापायी आणली?" मी विचारलं.

"एकाच्या जिभेवर काय भरवसा ठेवायचा?"

* * *

अशात दवंडी पिटली, लंगर तपासायला तहसीलदारसाहेब येणार, गावातल्या मोहताजांनी चावडीपुढं हजर राहावं. मोहताज म्हणजे गरजू, लाचार. तेव्हा सरकारी कारभार उर्दूत चालायचा, पण उर्दू समजणारे गुरुजी बीडला गेलेले आणि चाचा चुलीवरच्या डेगेपाशी. पाटलांना त्यातला फक्त 'ताज' ऐकू आला.

साहेब आले तर समोर पाटील, जरीचा फेटा, घोडीवर!

"गावात माझ्याआधी मोहताज कोन हाय बे?" पाटील लोकांवर डाफरले.

देशमुख पुढं सरसावले. "अरे जा! आमच्या तीन पिढ्या मोहताज हायत!"

साहेबांनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "जुम्मे को फिर आऊँगा. तब भी सच्चा मोहताज न मिला, तो लंगर बंद."

* * *

शुक्रवारपर्यंत गुरुजी घरोघर फिरले. "नुसतं हो म्हणा, आमी मोहताज हाय." पण आता शब्दाचा अर्थ गावभर झालेला. कोणी तयार होईना. "तो मान पाटलांचा!" म्हणायचे.

साहेब आले. लंगर माणसांनी भरलेला. साहेबांनी नेमकं मलाच विचारलं, "इनमें मोहताज कौन है?"

माझी जीभ टाळूला! हातातला डाव तसाच. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघतंय.

"एकबी न्हाई," गोजराआजी म्हणाली.

गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"तो तुम क्या करती हो यहाँ?"

"मीठ चाखते."

"और ये सब?"

"ते बी."

साहेबांनी पोरांकडं पाहिलं. किसनतात्यांचं धाकटं वाटीचा तळ चाटत होतं. आजीनं माझ्या हातातला डाव घेतला, एक वाटी भरली आणि साहेबांपुढं धरली.

"सायेब, तुमी बी चाखा."

साहेबांनी उभ्यानंच वाटी रिकामी केली. मग स्वतःच पुढं केली. दुसरीही संपवली. मिशा पुसल्या आणि कारकुनाकडं वळले.

"लिखो. उमापूर के लंगर में नमक ठीक नहीं. जब तक ठीक नहीं होता, लंगर बंद नहीं होगा."

साहेबांचा घोडा वेशीपर्यंतही गेला नसेल. आजीनं मला कोपरानं ढोसलं.

"बघत काय बसलास रं? मिठाचं मडकं लपीव!"